झाडलोट

अंबडच्या प्लेटिंग शॉपमधून आणलं त्याला.
सोपान गायधनी, वय चौतीस.
हायपोच्या टाकीत चुकून आम्ल पडलं.
दोन श्वास घेतले म्हणे, फक्त दोन.
माझ्यापर्यंत आली ती बाटली:
त्याच्या फुप्फुसातून धुऊन काढलेलं गुलाबी पाणी.
थेंब काचेवर, काच भिंगाखाली.

तिथे एक राखणदार असतो नेहमीचा, मॅक्रोफेज.
सातपूरची धूळ, द्राक्षबागेतलं गंधक,
द्वारका चौकातला धूर
गिळून गप्प बसणारा.
त्या रात्री त्याने हाक मारली.

आणि आले न्यूट्रोफिल,
रक्तवाहिनीची भिंत फाकवून, लोंढ्याने.
शंभर मोजले, त्यात ऐंशी तेच.
जंतू एकही नाही.
भांडायचं कुणाशी?
तरी हाताला लागेल ते फेकलं त्यांनी,
शेवटी पोट फाडून स्वतःचेच धागे उधळले,
जाळी झाली,
आणि जाळ्यात सापडली
श्वासाची ती एवढीशी पातळ भिंत.
पाणी शिरलं.

तेवढ्यात खाली खळ्ळकन काच फुटली.
भाऊ, मेहुणे, कंपनीतली पोरं,
पळशाहून दोन पिकअप भरून भावकी.
"आमचा माणूस कुठाय?"
मायेनेच आले होते सगळे.
काचही मायेनेच फुटली,
आणि ऑक्सिजनची ट्रॉली आणणारा पोरगा
त्या मायेत अडकून राहिला
दारातच, चार मिनिटं.

कुणी म्हणालं, पोलीस बोलवा.
पण सोपानचा सासरा उठला.
बोलला काहीच नाही,
एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत गेला,
एकेक जण खाली बसत गेला.
तसल्याही पेशी असतात. थोड्या.
त्या वेगळ्या ओळखायला
माझ्या कपाटात रंग नाही.

पाचव्या दिवशी दुसरी बाटली.
गुलाबी जरा कमी.
न्यूट्रोफिल आक्रसून पडलेले,
आणि तोच राखणदार,
किंवा त्याच्या जागी आलेला नवा, मला सांगता येणार नाही,
एकेकाला उचलून पोटात घेत होता,
सावकाश,
शिवी न देता.

मी आकडे लिहिले, सही केली.
सोपान अजून नळीवर आहे.

खाली हौसामावशी अजून काचा वेचते.
फरशीच्या फटीत, तुळशीच्या कुंडीत,
रोज एखादी निघतेच, म्हणते.
जुन्या पेपरात गुंडाळते
आणि माझ्याकडून वर लिहून घेते
ठळक अक्षरात, घंटागाडीवाल्या पोरासाठी:
काच आहे. जपून.