एकोणतीस की तीस

नवे पॅड, नव्या डिस्क, सगळं मीच बसवलं,
रविवारी, पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून,
आणि दोन दिवस ऐटीत फिरलो.
तिसऱ्या दिवशी काळाघोड्याच्या सिग्नलला
गाडी अशी किंचाळली
की रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं,
"काका, कोई मर्युं के शुं?"
पुलाखाली विश्वामित्री.
तिथल्या मगरीनंही एक डोळा उघडला असणार.

कुमुद काही बोलली नाही.
मोबाइल काढून बघत राहिली,
जणू ती दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसली होती.

आठवडाभर आमच्या आधी आमची वर्दी पोचायची.
तिसऱ्या मजल्यावर हेमांगिनीबेन
गॅस बारीक करून गॅलरीत यायच्या.

शेवटी वारसियाला, हारुनभाईकडे.
त्यानं चाक उतरवलं, पॅड काढला, नाकाशी नेला.
बराच वेळ गप्प.
"डिस्क धोई'ती?"

नव्या डिस्कवर तेलाचा हात असतो, गंजू नये म्हणून.
ठाऊक होतं मला.
छत्तीस वर्षं कारखान्यात पोरांना हेच ओरडून सांगितलं,
आधी पुसा, मग बसवा.

त्यानं डिस्क धुतली. पॉलिश पेपरनं पॅडची चकाकी उतरवली,
कडा कानशीनं तिरप्या केल्या,
पाठीला ग्रीस, नखावर मावेल एवढंच,
पुढच्या अंगाला चुकूनही नाही.
मग खोक्याच्या तळाशी त्याला चार बारीक क्लिपा सापडल्या,
जास्तीच्या समजून मी जपून ठेवलेल्या.
त्या त्यानं माझ्या तळहातावर ठेवल्या
आणि चहा मागवला.

म्हणाला, दोघांची अजून ओळख नाही.
पहाटे मोकळ्या रस्त्यावर न्या.
साठवर जा, हळूहळू दाबत दहावर आणा.
थांबू नका. पाय रोवून उभं तर मुळीच राहू नका.
तापू द्या, वारा लागू द्या, परत.
तीस वेळा.

आजवा रोड, साडेपाच.
मोजायला कुणीतरी हवं, म्हणून कुमुद आली.
ती इथल्या गुजराती शाळेत शिकलेली,
मी साताऱ्याहून नोकरीला आलेला.
तिचं मोठ्यानं अगियार, माझं मनात अकरा.
साठ. दहा. बार. साठ. दहा. तेर.
प्रत्येक वेळी आम्ही दोघं जरासे पुढे झुकायचो, बरोबरच,
समोर कुणी वडीलधारं बसल्यासारखे.
दूधवाला आमच्या पुढे जायचा, मग आम्ही त्याच्या,
पाचव्यांदा त्यानं बाइक जवळ घेऊन विचारलं,
रस्ता चुकलात का?

जळकट वास येऊ लागला.
"हा बरोबर आहे?"
"बरोबर आहे."
सतराव्याला किंचाळी कण्हण्यावर आली.
बाविसाव्याला आम्ही दोघांनी श्वास धरला
आणि काहीच ऐकू आलं नाही,
फक्त तिच्या पर्समधल्या किल्ल्या.

शेवटी ती म्हणाली, ओगणत्रीस.
मी म्हणालो, तीस झाले.
"ट्रॅक्टर आडवा आला तो धरलास का?"
"धरला."
"तो कसा धरशील? तेव्हा आपण पूर्ण थांबलो होतो."
लग्नाला सदतीस वर्षं झाली,
आमचं सगळं भांडण असं
एका आकड्याच्या अलीकडे-पलीकडे.
मी गाडी वळवली.

गेटातून आत आलो. वरच्या कुकरला
निवांत तीन शिट्ट्या झाल्या, गॅलरीत कुणी नाही.
थोडं चुकल्यासारखंच वाटलं.

आता सगळं ठीक आहे.
दव पडलेल्या सकाळी रिव्हर्स घेताना
मागून एक बारीक कुई येते, एवढंच.
रात्रीचा गंज असतो, हारुनभाई म्हणतो,
दोन फेऱ्यांत झडतो.
मी त्याला हात लावलेला नाही.
कुई आली की कुमुद
मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते,
ओगणत्रीस.