तोळाभर शिसं

किनवटच्या बाजारगल्लीत आमचं दुकान,
दोन फळ्या उघडल्या की संपायचं.
तिथं एका मंगळवारी हशमतसाहेब आले,
आबकारीतून निवृत्त, बुटांना सुकलेला चिखल,
आणि गादीवर ओतल्या त्यांनी
खादीच्या पिशवीतून मूठ-दीड मूठ गोळ्या.

नुसत्या गोळ्या. काडतुसात अजून न बसलेल्या,
तांब्याच्या सालीत शिसं, टोकाशी उघडं.
हैदराबादेत कुणाचं तरी दुकान मोडलं,
डबे फुटले, चिठ्ठ्या भिजल्या,
चार वजनांची एकच खिचडी झाली होती.
"छांट के देव, नागोराव. सांबर का मामला है,
वजन में धोका नक्को."

आप्पांनी पारड्यावरची धूळ फुंकली.
सोन्याचा काटा तो, श्वासानंही हलणारा.
दार ओढून घेतलं, मला म्हणाले,
तू तोंडावर हात धर.

साहेबांची भाषा ग्रेनची, आमची गुंजेची.
पण दीडशे म्हणजे दहा मासे निघाले, चोख.
एकशे पासष्ट, अकरा.
एकशे ऐंशीला आप्पा थांबले,
परत तोललं, पारडी बदलून तोललं:
बारा मासे. भरला तोळा.
परमुलखातल्या कारखान्यात
कुणी आमचा तोळा ओळखत होतं की काय!
दोनशे वीस मात्र कशात बसेना,
चौदा मासे, पाच गुंजा, आणि वर थोडी कुरकुर.

मग वाद.
दहा माशांची सुसाट जाते, सरळ रेघ,
पण खांद्याच्या फऱ्यावर फुटली तर
सांबर चालत राहतं, आठवडाभर, आतून सडत.
चौदाची सावकाश, लांब गेली की खाली वाकते,
पण हाडातून आरपार, पलीकडून रक्त,
मागावर जायला वाट तरी मिळते.
अकरा की बारा, यावर साहेबांचा चहा निवला.

उंबऱ्याशी जंगू आत्राम बसला होता, माग काढणारा,
तंबाखू मळत. त्याला विचारलं.
म्हणाला, किती जवळ जाणार ते बोला आधी.
पैनगंगेच्या बांबूत सांबराचे फक्त कान दिसतात,
त्याच्या आधी तुम्ही त्याला दिसलेले असता.
साठ पावलांवर सगळंच जड.
तिथं हात तोला आपला.

साहेब हसले नाहीत.
बारा माशांच्या नऊ निघाल्या होत्या. आठच नेल्या.
मजुरी, म्हणाले,
आणि एक पारड्यातच राहू दिली.

सांबराचं काय झालं कळलं नाही.
थंडीत जंगू आला तेव्हा विचारलं,
तर त्यानं एक रिकामा तळहात दाखवला,
मग दुसरा.

त्याच दिवाळीच्या गर्दीत
आमचं पितळी तोळ्याचं वजन हरवलं.
(आईचा संशय मांजरावर, आप्पांचा माझ्यावर.)
नांदेडहून नवं येईपर्यंत म्हणून
डाव्या पारड्यात गोळी आली,
नवं आलं तरी तीच राहिली.
बोटाच्या पेराएवढ्या त्या शिशापुढं
किती लग्नं तोलली गेली, हिशेब नाही.
सोनं बरोबर यायचं. कुणाची तक्रार नव्हती.
सारखणीच्या तांड्यावरची झमकी तेवढी
मणी घ्यायला आली, गोळी उचलून पाहिली,
गालाला लावली,
म्हणाली, ही गरम कामून?
शेगडी जवळ आहे ना, आप्पा म्हणाले.
शेगडी उजवीकडं होती.

मग ग्रॅम आले. वजनमापाचा साहेब आला,
तोळे, मासे, डबीतल्या लाल गुंजासुद्धा
पोत्यात भरून घेऊन गेला.
गोळी त्याला वजन वाटली नाही.

आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे,
श्वास कुणी धरत नाही.
काल दुकान बंद करताना सहज ठेवून बघितली:
अकरा पूर्णांक सहासष्ट.
शेवटचा आकडा जरा वेळ ठरेना,
सहा, सात, सहा.
माझा हात तोंडावर होता.