थेंबाचा कोन

याश शहरात, टेकडीवरच्या संस्थेच्या तळघरात
मी रोज पाण्याचा एक थेंब टाकते
आणि तो कसा बसतो ते मोजते.
एवढीच माझी नोकरी. एकवीस वर्षं झाली.

थेंब पडतो पांढऱ्या जाळीवर.
करंगळीच्या नखाएवढी जाळी,
प्रिंटरनं आडवे-उभे धागे घालून रचलेली.
कुणाच्या तरी जबड्यात, नडगीत
हाड येईपर्यंत हाडाची जागा धरायची
आणि मग गुपचूप विरघळून जायचं, हे तिचं काम.
पण थेंब तिच्यावर ताठ उभा,
अळवावर राहतो तसा.
एकशे सात अंश. वहीत लिहिते.
जिला पाणी लागत नाही
तिला पेशी काय लागणार?

माझे वडील असेच. कोस्ताके.
चाळीस वर्षं रेल्वेचे रूळ तपासले,
काही अंगाला लावून घेतलं नाही.
आई गेली त्या रात्रीही म्हणाले, झोपा आता,
आणि घड्याळाला चावी दिली.

जाळी काचेच्या नळीत ठेवते, हवा उपसते,
उरल्यासुरल्या हवेत वीज सोडते.
उजेड पेटतो, वांग्याच्या फुलाच्या रंगाचा.
तीन मिनिटं. काही जळत नाही, वितळत नाही.
फक्त वरचा पापुद्रा,
केसाच्या हजाराव्या भागाहून पातळ,
ओरखडला जातो
आणि प्राणवायूला हात देतो.
पुन्हा थेंब. आता तो पसरतो,
धाग्यांच्या फटीत शिरायच्या आत
जेमतेम मोजता येतो: तेहतीस.

त्या शुक्रवारी अशा अठरा जाळ्या तयार केल्या
आणि फोन आला.
चेरीच्या झाडाची शिडी सरकली होती.
मांडीचं हाड, खुब्याशी.
तिबेरियुला चिठ्ठी लिहिली, पेशी आजच पेर.
चिठ्ठी माझ्याच एप्रनच्या खिशात राहिली.

दहा दिवस हॉस्पिटलात.
तिसऱ्या रात्री, भूल उतरताना की ताप चढताना,
त्यांनी माझं मनगट धरलं
आणि एका मुलाबद्दल बोलू लागले.
हिवाळ्यात रुळांवर सापडलेला.
कोटात गुंडाळून चार किलोमीटर उचलून नेला,
आणि तो वाटेतच.
बूट नवे होते त्याचे, म्हणाले. नवेकोरे बूट.
मी मनगट सोडवलं नाही.
सकाळी सूपमध्ये मीठ कमी होतं.
शिडी मोडली का, हे विचारून झालं.
मी म्हटलं, आणि तो मुलगा?
कुठला मुलगा?

परतले तेव्हा अठराही जाळ्या झाकणाखाली नीट.
थेंब टाकला. उभा राहिला.
हे होतंच, सगळ्यांना ठाऊक असतं:
पृष्ठभागावरच्या साखळ्या हळूहळू कूस बदलतात,
उघडी पडलेली बाजू आत घेतात,
जुनी पाठ बाहेर.
प्लास्टिकलाही उघड्यावर झोप लागत नाही.

पण ब्याऐंशी. एकशे सात नव्हे.
मधल्या पंचवीस अंशांकडे
मी बराच वेळ बघत बसले.
वहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

पुन्हा नळी, पुन्हा वांग्याचं फूल.
या वेळी जिन्यातूनच तिबेरियुला हाक मारली
आणि तव्यावरून उतरवल्यासारख्या
जाळ्या त्याच्या हातात दिल्या.
पेशी कुणा अनोळखी बाईच्या,
बदललेल्या खुब्यातून मिळालेल्या, गुलाबी पाण्यात.
दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
बऱ्याचशा गोल, काही मेलेल्या.
एक मात्र कडेच्या धाग्यावर
चपटी होऊन, पाय लांब करून,
चपला काढून कुणी बसावं तशी.

महिन्याभरानं, ते घरी गेल्यावर, फोन केला.
कसे आहात? ठीक.
पाय? ठीक.
एरवी इथे आम्ही फोन ठेवतो.
मी ठेवला नाही.
पलीकडे घड्याळ चालू होतं.
बऱ्याच वेळानं खाकरले.
"तपकिरी होते," म्हणाले.