चू. भू. द्या. घ्या.

भूलतज्ज्ञ बिराजदार बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या.
उभ्यानं बोलल्या नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय.
"तीन रस्ते आहेत," म्हणाल्या.
"शिरेतून औषध, वीसेक मिनिटं गाढ झोप.
नाहीतर नुसती गुंगी आणि जागेवर बधिर करायचं,
ऐकू येईल, ओढल्यासारखं लागेलही.
कमरेतून सुई देता येते,
पण मग पाय दुपारपर्यंत परक्याचे."
मन्मथ लगेच म्हणाला, "झोपच द्या मॅडम."
त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही.
"तुम्ही सांगा."

अकरा दिवस पोटाला सुया टोचल्या,
औशात, फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागं ठेवलेल्या.
परवा रात्री साडेदहाची शेवटची, गजर लावून.
बारानंतर पाणीसुद्धा नको, सिस्टर बजावत होती
लातूर जिल्ह्यातल्या बाईला.
एवढ्यात कुणी मला काही विचारलं नव्हतं.

फॉर्मवर छापलेलं: भूल देण्यास माझी संमती आहे.
आमच्याकडं भूल पडली म्हणजे
माणूस स्वतःच्याच शिवारात वाट चुकतो,
एकाच बाभळीला रात्रभर फेऱ्या घालतो.
आणि किराणाच्या पावतीवर, खाली, बारीक अक्षरात
चूकभूल द्यावी घ्यावी.
द्यायची कुणी, घ्यायची कुणी,
ते मात्र लिहिलेलं नसतं.

मी तीन वर्षांची होते, किल्लारीच्या बाजूला.
गणपती बोळवून गाव झोपलेलं.
मला परसाकडं लागली म्हणून आई कुरकुरत उठली,
मला कडेवर घेऊन बाहेर आली.
चार वाजायचे होते.
दाराची चौकट आमच्या मागं थोडा वेळ उभी राहिली,
मग तीही नाही.
बाबा आत. काकू आत. आत्याचं तान्हं आत.

तेव्हापासून आईची बाज उंबऱ्याला लावलेली.
आई झोपते म्हणजे डोळे मिटून ऐकते.
मीही तेच शिकले.
लग्न नवं असताना मन्मथ म्हणायचा,
तू रात्री कुणाची वाट बघायलीस गं?

"जागी ठेवा," मी म्हणाले.
का, असं बाईंनी विचारलं नाही.
"बरं. पण नको वाटलं तर नुसतं 'द्या' म्हणा.
कधीही. मी डोक्याशीच आहे."

हिरवी चादर, थंडगार खोली,
पाय असे टांगलेले की नजर छतावरून हलू नये.
उजवीकडून सुरुवात झाली.
लागलं. सांगितलं होतं त्याहून जास्त लागलं.
भिंतीतल्या छोट्या खिडकीपलीकडं
एक पोरगी नळीतलं पाणी भिंगाखाली बघत होती.
"आहे," ती ओरडली.
पुन्हा, "आहे."
मग थोडं थांबून, "नाही."

त्या पहाटेचं मला काही आठवत नाही.
आई सांगते, दगडांवर तोंड ठेवून
माणसं विचारत होती: आहे का कुणी? आहे का?
उजाडेपर्यंत हेच दोन शब्द गावात राहिले होते.
"आहे," खिडकीतून.
"नाही."
"नाही."

"द्या," मी म्हणाले.

हात जड झाला, आधी बोटं, मग कोपर.
बाईंनी कपाळावर तळवा ठेवला.
त्याला डेटॉलचा आणि थोडा लसणाचा वास होता.
मी ऐकायचं सोडलं.
तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा
घरात कुणीच जागं नव्हतं.

"महानंदा, डोळे उघडा. नाव सांगा तुमचं."
त्यांनीच सांगितलं होतं, तरी मी सांगितलं.
डाव्या तळहातावर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं: ८.
किती टिकतील, उद्या फोन करतो म्हणाले.

मन्मथनं मोबाइल कानाला लावून दिला.
"जागी होतीस का गं?" आई.
"आधी होते. मग झोपले."
पलीकडं बराच वेळ काही नाही.
बाजेची दोरी करकरली एवढंच.
"झोपलीस," ती म्हणाली,
विचारल्यासारखं नाही, सांगितल्यासारखंही नाही.
मग, "पाणी प्यालीस का?"

घोटभर दिलं होतं सिस्टरनं.
मी पेला डाव्या हातात धरला नाही.
आकडा पुसला असता.