मीठ नसलेला नकाशा

टालिनहून उर्वे नकाशे पाठवते.
या खेपेला तिनं मीठच ठेवलेलं नाही.
बंदर आहे, विटांचं अर्धं चर्च आहे,
जाळी फाटतील इतके हेरिंग आहेत
आणि खारवायला चिमूटभरही काही नाही.
खाली एक ओळ : बघ, जमतंय का.

विस्मारच्या धक्क्यावर मी दिवसभर
खऱ्या जहाजांना वेळा वाटते :
तू सहाला, तू सात चाळीसला, तू थांब.
रात्री ओले मोजे हीटरवर टाकून
सन तेराशे सत्तावनची नगरशेठ होते.

पहिल्यांदा मिठासाठी जहाजं सोडली.
सामुद्रधुनीत उर्वेनं चाचे पेरलेले,
भातात खडे असावेत तसे,
नेमके दाताखाली येणारे.
दुसऱ्यांदा मासे ताजेच विकायला काढले;
परवापर्यंत सगळा बाजार नाक धरून उठला.
तिसऱ्यांदा कर वाढवला, तटबंदी उंच केली.
उपाशी माणसं
तटाआडची उपाशी माणसं झाली, एवढंच.
चौथ्यांदाचं सांगत नाही.
उर्वेला कळवलं, तुझं डोकं फिरलंय.
तिनं नुसता एक हसरा चेहरा धाडला.

पाचव्या डावात बंदर नोव्हेंबरातच गोठलं.
करण्यासारखं काही नव्हतं म्हणून
माउसचं चाक फिरवत खाली उतरले,
कौलांच्या खाली, थेट गल्लीत.
पिंपं बांधणाऱ्याच्या दारात एक बाई उभी होती,
पंधरावीस ठिपक्यांची. चेहरा नाही.
हातात टोपली,
आणि टोपली रिकामी आहे हे कळावं म्हणून
कुणीतरी तळाशी
एक काळा ठिपका मुद्दाम ठेवलेला.

मग कोठार उघडलं. रायचा भाव शून्य.
खेळानं विचारलं : नक्की?
नक्की.
चर्चच्या विटा विकल्या, माझा वाडगाभर चांदीचा साठा विकला,
दोन्ही जहाजं फोडून सरपणाला दिली.
तिजोरी खरवडली,
दुधाचं पातेलं खरवडतात तशी.

मार्चमध्ये बर्फाला तडा गेला
आणि त्याच दिवशी पडद्यावर लाल मोहोर उठली :
दिवाळखोरी. आपण हरलात.

पाटीच्या कडेनं गल्ली अजून दिसत होती.
माणसं मोजली. चारशे बारा.
नोव्हेंबरात चारशे अकरा होती.

तेवढं चित्र उर्वेला पाठवलं.
तिच्याकडे घड्याळ तासभर पुढे;
तरी जागीच होती.
म्हणाली, मीही इथवरच पोचले गं.
जिंकायची अट लिहायला जो रकाना असतो
त्यात पैसे लिहिता येतात, घरं, घुमट, वर्षं.
हे कुठं लिहायचं, सापडेना.
म्हणून तुझ्याकडे दिलं.

सकाळी धुक्यात तीन जहाजं ताटकळत होती.
मधल्याला विचारलं, माल काय?
मीठ, कप्तान म्हणाला, रस्त्यांवर टाकायचं.
मी पुन्हा विचारलं.
मीठ, मीठ! तो वैतागला.

त्याला सगळ्यांच्या आधी आत घेतलं.
नोंदवहीत कारण लिहिलं नाही.