कानस

सोळा पिंजरे. दर पिंजऱ्यात बारा कानस.
ही मासळी विकायची नाही, कामाला ठेवलेली.
चिलापी खाते, फुगते, तिचं वजन होतं.
कानस दिवसभर खालच्या ओठानं जाळं खरवडते,
शेवाळ सुटतं, पाणी आरपार जातं,
आणि चिलापीला श्वास मिळतो.

एप्रिलात धरण मायनसमध्ये गेलं.
केत्तूरच्या बाजूला पाणी कोमट,
कपात विसरलेल्या चहासारखं.
सातव्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक कानस
तोंड वर काढून उभी होती,
दारात येऊन काय मागायचं ते विसरलेल्या माणसासारखी.
परांच्या मुळाशी लाल.
खवले उभे, भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे.
एक डोळा बाहेर आलेला.
संध्याकाळपर्यंत नऊ झाल्या.

तुळजाराम म्हणाला, फेक, तिच्यात काय हाय.
मालकाच्या वहीत चिलापीचा रकाना आहे,
खाद्याचा आहे, डिझेलचा आहे,
माझासुद्धा आहे, पेन्सिलीनं.
विम्याच्या कागदावर कानस नाही.

तीन मासे बर्फात घातले, थर्माकोलचा डबा दोरीनं बांधला,
जेऊरला पॅसेंजर धरली.
कुर्डुवाडीला शेजारच्यानं विचारलं, विकायला?
म्हटलं, दाखवायला.
तो जरासा पलीकडे सरकला.

सोलापुरात सात रस्त्याजवळ, दोन जिने चढून लॅब.
येमूल मॅडमनी फॉर्म ओढला, म्हशी-कुत्र्यांचा.
रुग्णाचं नाव? कानस.
वय? दिवाळीत सोडली होती.
मालक?
मी थांबलो.
त्यांनी माझं नाव लिहिलं. शाईनं.

मग पोट उघडलं,
तारेच्या टोकावर मूत्रपिंडाचा थेंब घेतला
आणि काचेच्या ताटलीत रेघा ओढल्या,
एक, तिच्यावर आडवी, परत आडवी.
म्हणाल्या, आमचे वडील ताणा असा लावायचे,
पूर्व भागात. माग भंगारात गेला.
हात मात्र तसाच चालतो बघा.

रात्री स्टेशनवर कडक भाकरी, शेंगाचटणी.
बोटांचा वास जाता जाईना.
तिकडे उबेच्या पेटीत
रेघांवर काहीतरी वाढत होतं.

सकाळी ताटलीत थेंबच थेंब,
फिकट, चकचकीत, ताकावर लोणी जमावं तसे.
एरोमोनास, त्या म्हणाल्या.
हा काही पाहुणा नाही, पाण्यात रोज असतो.
धडधाकट माशाला शिवत नाही.
दमलेल्याच्या आत शिरतो.

दमलेल्याच्या.
मी तळहात उलटा केला, जाळ्यानं कापलेला,
आणि परत खिशात घातला.

औषध लिहून दिलं, खाद्यातून द्या.
मॅडम, कानस खाद्य खात नाही.
म्हणजे?
म्हणजे ती जाळंच खाते.
औषध सगळं चिलापी खाईल, जिला काही झालं नाही.

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत.
खाली रिक्षावाले भांडत होते.
मग सूक्ष्मदर्शकावरची जुनी चादर त्यांनी काढली,
विरलेली, कडेला निळी फुलं.
घरच्या मागावरची होती, विचारलं नाही तरी कळलं.
खरवडतात ना? मग खरवडू द्या.

चादरीचे सोळा तुकडे केले.
शेवाळ वाटलं, कणकेत औषध कालवलं,
कापडात चोळचोळून भरलं आणि पिंजऱ्यात सोडलं.
तुळजाराम हसला, माशांना थंडी वाजती का रं?
पहिला दिवस गेला. कुणी फिरकलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोन तुकडे वाहूनच गेले.

एकशे ब्याण्णवातल्या चौऱ्याऐंशी उरल्या.
मालक म्हणाला, बरं झालं, चिलापीला लागलं नाही.

पण तिसऱ्या दिवशी, उन्हं कलताना,
सातव्या पिंजऱ्यातल्या चादरीचं टोक मी मुठीत धरलं होतं,
पाणी गढूळ, खाली काही दिसत नव्हतं,
आणि कापडाला अगदी हलकी ओढ लागली.
थांबली.
परत लागली.