ळ राहतो माडीवर

लॅपटॉपचं बिल देऊन झालं
तरी गटाच्या डब्यात दोन हजार एकशे चाळीस उरले.
रमजानबीनं थुंकी लावून तीनदा मोजले
आणि म्हणाली, आता ह्याला काय काय लागतंय ते बघा,
म्हैस नुसती आणून भागत नसतंय.

वसमतला, स्टँडच्या मागं, मठपतींच्या दुकानात
आम्ही सातजणी. बाकावर मावलो नाही.
पोरगं चुणचुणीत. आधी त्यानं काढला
निळे दिवे लागणारा पंख्याचा स्टँड.
"उन्हाळ्यात लई तापतंय, मावशी."
धुरपताबाई म्हणाली, आम्हीबी तापतोच की,
आमच्याखाली कोण पंखा लावायलंय?
घरी मोडक्या पाटाचे दोन तुकडे होते.
ते खाली सरकवले की हवा खेळते,
मी नंतर करून पाहिलं.

माउस मात्र लगेच घेतला.
हळकुंडं घासून घासून चतुराबाईची बोटं अशी झालीत
की रेशनच्या दुकानातलं मशीन तिला ओळखत नाही.
इथंही त्या गुळगुळीत चौकोनावर
तिनं बोट फिरवलं, बाण जागचा हलला नाही.
ती हसली. तिला सवय आहे.
माउस वायरीचाच, असं ठरलं.
दावं असलं की जनावर दुसऱ्याच्या गोठ्यात जात नाही.

मग वीज सांभाळणारा बोर्ड. त्यावर कुणीच भांडलं नाही.
मागच्या वैशाखात एका रात्री व्होल्टेज चढलं
आणि गिरणीची मोटर, कांताचा टीव्ही,
अंगणवाडीतला पंखा, सगळे मागोमाग गेले.

बटणांवर घालायचं पातळ रबरी कातडं,
धुऊन वाळत घालता येतं असलं.
कारण हळद कुठंही शिरते,
नथीच्या फासात, पासबुकाच्या शिवणीत,
झोपलेल्या लेकराच्या कानात.

आणि चाळीस रुपयांची मराठी अक्षरं, चिकटवायची.
इथं मला कबूल करावं लागलं:
पहिली लेबलं मी नेटकॅफेत बसून टाइप केली होती,
ळ सापडला नव्हता.
दोनशे पाकिटांवर 'हलद' छापून गेलं.
परभणीच्या बाजारात एका मास्तरांनी पाकीट उलटंपालटं केलं,
चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, बाई, ही कुठल्या देशाची?

पोरानं दाखवलं. ळ वेगळा नसतोच,
ल च्याच बटणावर, वरच्या अंगाला.
खालचं दुसरं बटण दाबून धरायचं, मगच तो येतो.
"म्हंजे माडीवर राहतंय," रमजानबी म्हणाली,
"शिडी धरल्याबिगर उतरत नाही."

उरले साडेबाराशे. पोरानं दोन वस्तू पुढं ठेवल्या,
चारशेचा पेन ड्राइव्ह, साडेनऊशेची काळी बॅग.
मी पेन ड्राइव्हच्या बाजूनं. हिशेब दोन जागी असावा.
सत्यभामा इतका वेळ गप्प होती.
म्हणाली, मागच्या येळंस कापडी पिशवी घेऊन बँकेत गेले,
दीड तास भिंतीला टेकून उभी होते.
त्या खताच्या एजंटाला आल्या आल्या खुर्ची.
त्याच्या हातात अशीच होती.
मग कुणी काही बोललं नाही.
बॅग घेतली. उरलेल्या तीनशेत भजी, चहा, आणि ऑटो.

सोमवारी आम्ही दोघी बँकेत.
शिपायानं बॅग बघितली, खुर्ची ओढली, "या मॅडम."
मी सत्यभामाला बसवलं, बॅग तिच्या मांडीवर दिली.
लॅपटॉप घरी पाटाच्या तुकड्यांवर, चार्जिंगला.
बॅगेत वही, शिक्का, आणि नमुन्याचं अर्धा किलो.
साहेब म्हणाले, काय आणलंय?
"हळद," ती म्हणाली,
ळ जरा जास्तच दाबून.

पेन ड्राइव्ह अजून घ्यायचाय.